तुळशीदासचे हात, गोदीचं नाक

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला अठरा घरांचा एक पाडा आहे. तिथल्या गोदीने कुणाला सरळ उत्तर दिल्याचं कुणाला आठवत नाही. एकदा सर्व्हेवाले मास्तर आले आणि त्यांनी वय विचारलं, तर हिने दारातल्या आंब्याचं वय सांगितलं. मास्तरांनी मान खाली घालून ते लिहूनही घेतलं. त्या कागदावर गोदी एकशे चार वर्षांची आहे. खरं वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नेमकं तिलाही ठाऊक नाही.

उतारावरचा नागलीचा तुकडा, थोडा भात आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ती मजुरी, यावर तिचं नि तुळशीदासचं चाललं होतं. तुळशीदास नवरा. मुळात शांत, भिडस्त माणूस. गोदीच्या खोड्यांवर तीस वर्षं नुसता हसत आलेला. पण कोरोनाच्या साली तो ठाण्याला गेला आणि तिथून वेगळाच होऊन आला.

ठाण्यात त्याला फवारणीचं काम मिळालं होतं. पाठीला पंप, अंगात पांढरा झगा, हातात रबरी मोजे. रोज वीस-वीस इमारतींचे जिने फवारायचे. मुकादम रोज सकाळी सगळ्यांना उभं करून बजावायचा, "जो दिखता नहीं, वही मारता है." तुळशीदासच्या डोक्यात ते वाक्य असं बसलं की पाड्यावर परत आल्यावरही निघालं नाही. येताना त्याने मोजे आणले, जंतुनाशकाच्या चार बाटल्या आणल्या, आणि दाराशी एक फळी ठोकून त्या ओळीने मांडल्या. मग धुणं सुरू झालं. उठल्यावर हात, चहाआधी हात, चहानंतर हात. शेळीला हात लावला की हात. कुणी रामराम केला की हात. बाटली संपली की मोखाड्याच्या बाजारातून दुसरी. नुसतं धुऊन भागेना, तेव्हा नारळाच्या काथ्याने घासायला लागला.

याचं गोदीला हसू यायचं, पण एका गोष्टीचं येत नसे. हे पाणी आणायची ती. शिमगा झाला की पाड्यावरची विहीर तळ दाखवते. मग खाली ओहोळाच्या वाळूत उकरलेल्या खड्ड्यावर, डवऱ्यावर, जायचं, वाटी-वाटीने हंडा भरायचा आणि चढ चढून यायचं. एका खेपेला तास-दीड तास. तिने हंडा उतरवला की तुळशीदास तांब्या घेऊन तयार.

"तू हात धुतोस का गोदीला धुतोस?" तिने एकदा विचारलं.

"तुला नाय कळायचं," तो म्हणाला. "तुझ्या हातावर किती जंतू हायेत ते दिसलं तर तू चूल पेटवायची नायस."

"मग तीस वर्षं माझ्या हातची भाकर खाऊन तू मेला कसा नायस?"

 तो हात धुवायला गेला.

वर्षभरात त्याचे हात घोरपडीच्या पाठीसारखे झाले. आधी कोरडे, मग भेगाळलेले, मग भेगांच्या कडेने पिवळी खपली धरलेले. खाज सुटायची, खाजवलं की पाणी यायचं. जंतू वाढले असं त्याचं मत. म्हणून तो औषध जास्त ओतायचा, आणि हात कुणाला दिसू नयेत म्हणून वरून मोजे घालायचा. गोदीच्या हातांचं मात्र असं काहीच नव्हतं. तिचे हात शेणात, राखेत, चिखलात, खेकड्यांच्या बिळात. कातडी जाड, रेषा काळ्या, पण कुठे भेग नाही की फोड नाही. कोयत्याने कापलं तरी चार दिवसांत भरून यायचं.

अशात एका दुपारी पाड्याची आशाताई वेणू आली. "काकी, गुरुवारी मोखाड्याला चला. कातडीच्या डॉक्टरीणबाई येणार हायेत. माणसाच्या अंगावर कोण कोण जंतू राहतात ते तपासतात. नवरा-बायको जोडीने पाहिजेत. चहा-बिस्कीट हाये."

तुळशीदास बिस्किटासाठी नाही, जंतूंसाठी उठला. इतके दिवस तो एकटाच बोलत होता. आता सरकारातून कुणीतरी त्याच्या बाजूचं येत होतं.

डॉक्टरीणबाईंचं नाव दिपिका. तिशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र, बोलणं भरभर. तिच्यापुढे चाळीस जोडपी बसली होती. तिने प्रत्येकाला एक-एक पाकीट दिलं. आत कापूस गुंडाळलेल्या काड्या आणि औषधी पाण्याच्या छोट्या नळ्या. उद्या सकाळी उठल्याबरोबर, हात-तोंड धुवायच्या आधी, एक काडी तळहातावर आणि बोटांमध्ये घासायची, दुसरी कोपराच्या आतल्या खळगीत, तिसरी नाकपुडीत फिरवायची. काड्या नळ्यांत टाकायच्या. पाकिटावर जोडप्याचा नंबर आणि पुरुषाचं नाहीतर बाईचं चित्र. वेणू येऊन गोळा करेल.

"काका, मोजे का घातलेत?" तिने तुळशीदासला विचारलं.

"एवढ्या माणसांत बसायचं म्हणजे," तो आजूबाजूच्या एकोणऐंशी माणसांकडे बघत म्हणाला, "आपली आपण काळजी. घरी तर दिवसाला पंधरा वेळा औषधाने हात धुतो मी."

बाई हसल्या आणि पुढच्या जोडप्याकडे वळल्या.

परतीच्या जीपमध्ये चौदा माणसांत अंग चोरून बसलेल्या गोदीला ती युक्ती सुचली. तपासणीत निघणार काय? तिच्या हातावर ढीगभर जंतू, त्याच्या हातावर चार-दोन. मग त्याला आणखी जोर येणार, आणि आपल्याला आणखी एक हंडा. पण काड्यांची अदलाबदल झाली तर? तिच्या शेणामातीच्या हातांचे जंतू त्याच्या नावावर निघतील. चाळीस जोडप्यांसमोर बाई म्हणतील, काका, एवढं धुऊनही सगळ्यात जास्त जंतू तुमच्याच हातावर. मग तो बाटल्या ओहोळात फेकेल. जीप वळणावर कलली, सगळे एकमेकांवर पडले, आणि गोदी एकटीच हसत होती.

सकाळी तुळशीदासने मोठ्या मुश्किलीने न धुता हात घासून दिले, नाकात काडी फिरवली आणि लगेच बाटलीकडे धावला. तो पाठमोरा झाला तेवढ्यात गोदीने त्याच्या नळ्या बाईच्या चित्राच्या पाकिटात सरकवल्या आणि आपल्या नळ्या पुरुषाच्या चित्राच्या. वेणू आली, दोन्ही पाकिटं घेऊन गेली.

दीड महिना गेला. ऐन वैशाखात, टँकरची वाट बघत सगळा पाडा हंडे मांडून बसला असताना, डॉक्टरीणबाईंची गाडी आली. बाई उतरल्या त्याच तुळशीदासला शोधत.

"काका, तुमचं अभिनंदन करायला आले," त्या सर्वांसमोर म्हणाल्या. "ऐंशी माणसांत तुमचे हात सगळ्यात चांगले निघाले. एकेचाळीस जातींचे जंतू, आणि बहुतेक सगळे भले."

गोदीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"जास्त जंतू म्हणजे चांगलं?" तिने विचारलं.

"नुसते जास्त नाही मावशी, नाना जातींचे. ते असले की वाईटाला जागा मिळत नाही." मग बाईंचा आवाज खाली आला. "तुमचं मात्र बरं नाही हो. तुमच्या हातावर मोजून सहा जाती, आणि त्यातला एकच सगळीकडे पसरलाय. तो फोड आणतो, पू करतो. बघू हात."

गोदीने हात पुढे केले. बाईंनी उलटसुलट करून पाहिले. कपाळाला आठी पडली. "खाजतात का?"

इथे खरं सांगता आलं असतं. पण समोर पाडा उभा, आणि तुळशीदासचा चेहरा असा फुललेला की त्यात हात घालायचा तिला धीर होईना. "खाजतात ना," ती म्हणाली. "कधीमधी."

बाईंनी तिला मलम दिलं. तुळशीदासला म्हणाल्या, "तुमचं जे चाललंय ते तसंच चालू ठेवा. हात दाखवता जरा?"

"आताच धुऊन मोजे चढवलेत," तो म्हणाला.

बाईंना पुढे आणखी तीन पाडे करायचे होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. त्या गेल्या.

पुढचे आठ दिवस गोदीच्या जन्मातले सगळ्यात लांब दिवस. तुळशीदासने सकाळ-संध्याकाळ पाड्याला शिकवण द्यायला सुरुवात केली. डॉक्टरने सांगितलंय तसंच चालू ठेवा, म्हणजे मी चालू ठेवतो, म्हणजे तुम्हीही ठेवा. दोन घरांनी त्याचं ऐकून बाटल्या आणल्या. आता डवऱ्यावर त्या घरांच्या बायकाही जास्तीच्या खेपा घालू लागल्या आणि गोदीकडे रागाने बघू लागल्या. त्यातली एक तर म्हणाली, "तुझा नवरा शहाणा झाला आणि आमची कंबर मोडली." गोदी मुकाट्याने वाटी-वाटी पाणी भरत राहिली. 

नवव्या दिवशी दुपारी तुळशीदास भाकर टाकून उठला. अंग तापलं होतं. गोदीने त्याचा मोजा ओढून काढला तेव्हा त्याच्यासोबत खपलीही निघाली. तळवा सुजलेला, बोटांच्या बेचक्यात पू, आणि मनगटापासून कोपराकडे एक लाल रेघ चढलेली. नागलीच्या कणसावर कीड चढते तशी, बघता बघता.

"औषध ओत," तो म्हणाला.

"औषधाने झालंय हे," गोदी म्हणाली. तिने बाटली उचलली आणि दाराबाहेर भिरकावली. तुळशीदास बघतच राहिला. मग तिने त्याला खांद्याला धरून सडकेवर आणलं, पहिली जीप थांबवली आणि पुढच्या सीटवर बसलेल्या दोन माणसांना उठवून त्याला तिथे बसवलं.

योगायोग असा की त्या दिवशी डॉक्टरीणबाई मोखाड्याच्या दवाखान्यातच होत्या. त्यांनी हात पाहिला, लाल रेघ पाहिली आणि आधी सलाईन लावायला सांगितलं, सुई टोचली, मग खुर्चीत बसल्या. "हे कसं शक्य आहे?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "यांच्या तपासणीत तर..."

"बाई," गोदी म्हणाली, "ती तपासणी माझी हाये."

तिने सगळं सांगितलं. पाकीट, चित्र, हंडा, जीपमधलं वळण. सांगताना खाली बघत नव्हती, पण नेहमीसारखं बाईंच्या तोंडाकडेही बघत नव्हती. दवाखान्यात बैठकीला आलेली वेणू दारात उभी होती, तिने तोंडाला पदर लावला.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मावशी, त्या दोन पाकिटांवरून मी चार पानं लिहिली. नाशिकला सगळ्यांना वाचून दाखवली. त्यात असं लिहिलंय की या भागात पुरुष रसायन वापरूनही कातडी कशी निरोगी ठेवतात ते शोधलं पाहिजे."

"फाडून टाका," गोदी म्हणाली.

"फाडीनच. पण चूक माझीही आहे. मी मोजे काढायला लावले नाहीत." त्या उठल्या, तुळशीदासच्या उशाशी गेल्या. "आणि तुम्ही दोघांनीही आता नीट ऐकायचं. कुणीही मध्येच उठून जायचं नाही."

मग त्यांनी समजावलं. कातडीच्या पेशी म्हणजे नुसतं कुडाचं सारवण नव्हे. त्या राखण करतात. परका आत शिरू लागला की त्याला मारणारा रस स्वतःच गाळतात आणि रक्तातल्या शिपायांना हाक मारतात. पण हाक कुणासाठी मारायची आणि कुणाला राहू द्यायचं, हे शिकावं लागतं. मूल जन्मलं की पहिल्याच दिवसांत त्याच्या अंगावर आईकडून, घरातून, मातीतून जंतू येऊन राहतात. शिपाई त्यांची तोंडं ओळखून ठेवतात. पुढे जन्मभर त्यांच्याशी भांडत नाहीत. उलट हे रहिवासी शिपायांना थोडं थोडं डिवचून जागं ठेवतात, जखम भरायला लावतात, आणि वाईट जंतू आला तर स्वतःच त्याच्या अंगावर जातात.

"काकांनी औषध ओतून रहिवासी मारले, कातडीवरचं तेल घालवलं, काथ्याने भिंत फोडली," बाई म्हणाल्या. "मोकळं घर, फुटकी भिंत. वाईट जंतूला आणखी काय हवं?"

तुळशीदास डोळे मिटून ऐकत होता. "म्हणजे हात धुवायचेच नायत?"

"धुवायचे. जेवायच्या आधी, परसाकडून आल्यावर, स्वयंपाकाआधी. साध्या साबणाने. त्याने बाहेरून आलेली घाण जाते, रहिवासी बरेचसे उरतात. पंधरा वेळा औषधाने नाही."

"ऐकलंस?" गोदी म्हणाली. तिचा आवाज पुन्हा मूळच्या जागी आला होता. "माझ्या हातावर एकेचाळीस जाती. सगळ्या भल्या."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या मोबाईलवर काहीतरी वर-खाली करत होत्या. "नळ्या बदलल्या म्हणजे नाकाच्याही बदलल्या. मग काकांच्या नावावर जे नाक आहे ते तुमचं." आणि त्यांना हसू आवरेना. "मावशी, काकांच्या हातात जो पू करणारा जंतू आहे ना, तो तुमच्या नाकात राहतो."

 वेणूने पदर आणखी आत कोंबला.

"माझ्या?" गोदीने नाकाला हात लावला.

"हात नका लावू. तसाच तर तो पसरतो. खूप माणसांच्या नाकात असतो तो, दर तीन-चार माणसांत एकाच्या. तुम्हाला काही करत नाही, कारण तुमची कातडी धड आहे आणि रहिवासी जागे आहेत. काकांच्या उघड्या हातावर मात्र त्याचं फावलं. तुमच्याचकडून गेला असेल असं छातीठोक नाही सांगता येत, पण एका घरात, एका ताटात... बहुतेक तसंच."

तुळशीदासने डोळे उघडले. ताप होता, हाताला सुई होती, तरी त्याच्या तोंडावर असं समाधान पसरलं की गोदीला त्याला चिमटा काढावासा वाटला.

"मी सांगत होतो," तो हळूच म्हणाला. "जंतू घरातच हाये म्हणून."

"त्याचं नाव काय?" गोदीने बाईंना विचारलं. ज्याने एवढी फजिती केली त्याचं नाव तरी कळावं.

"ताटलीत वाढवला की सोनेरी दिसतो. म्हणून नावातही सोनं आहे त्याच्या."

गोदीने नाकाकडे जाणारा हात खाली घेतला. मग तुळशीदासकडे वळून म्हणाली, "लग्नात तुझ्या बापाने नथ कबूल केलेली, दिली नाय. आता बघ, माझं मीच नाकात सोनं घातलंय." तुळशीदासला हसू आलं, हसताना हात दुखला, आणि दुखताना तो आणखी हसला.

चार दिवसांनी ते पाड्यावर परतले. गोळ्या आणखी आठवडाभर होत्या, हातांना लावायला वासाशिवायचं साधं मलम होतं. आणि गोदीला नाकात लावायचं वेगळं मलम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. ते लावून घ्यायची जबाबदारी बाईंनी मुद्दाम तुळशीदासवर टाकली होती. तो सकाळी बरोबर चहाच्या वेळी ट्यूब घेऊन दारात उभा राहायचा आणि मोठ्याने हाक मारायचा, "चल, नाक पुढे कर." शेजारच्या बायका हंडे टेकवून बघायला थांबायच्या. गोदी निमूटपणे नाक पुढे करायची. त्या दोन घरांना बाटल्या तिनेच जाऊन दुकानात परत करायला लावल्या. कारण विचारलं तेव्हा तिने, आश्चर्य म्हणजे, खरं सांगितलं.

तुळशीदासची सवय एकदम गेली नाही. हात बाटलीच्या फळीकडे जायचा, गोदीने रिकामी केलेली फळी दिसायची, मग तो तिथेच उभा राहून बोटं चोळायचा. गोदीला ते बघवेना. तिने त्याला एक काम लावलं. हात शिवशिवले की डवऱ्यावर जायचं आणि एक हंडा भरून आणायचा. दोन खेपांत त्याची शिवशिव निम्मी झाली. आठ दिवसांत तर त्याला डवऱ्याची वाट गोदीइतकीच पाठ झाली, आणि पाण्याला किती श्वास लागतात तेही कळलं.  तेव्हापासून तांब्यात पाणी घेताना तो अर्धाच भरायला लागला.

आवणी, म्हणजे भाताची लावणी, संपून रोपं धरली तेव्हा डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या. या खेपेला पाकिटं त्यांनी कुणाच्या हातात दिली नाहीत. दोघांना ओट्यावर बसवलं, स्वतः मध्ये बसल्या, प्रत्येक काडी स्वतः फिरवली, नळीवर नाव स्वतः लिहिलं. तुळशीदासचे हात उघडे होते. भेगा बुजल्या होत्या, नव्या कातडीचा रंग फिकट होता, आणि नखांत आवणीचा चिखल.

पुढच्या महिन्यात निकाल आला. तुळशीदास तेवीस, गोदी एकोणचाळीस. गोदीच्या नाकात सोनेरी सापडला नाही, पण तो परत येऊ शकतो असं बाईंनी सांगून ठेवलं. तुळशीदासने तेवीस हा आकडा दहा घरी सांगितला आणि पुढच्या साली चाळीस करून दाखवतो अशी पैज लावली.

गोदीची गोष्ट मात्र तिच्याआधी बाजारात पोचली होती. पुढच्या गुरुवारी मोखाड्यात सुकट घेताना एका अनोळखी बाईने तिला अडवलं. "ती नाकात जंतू सापडलेली तूच ना गं? तुला कळलं कसं, आत कोण राहतंय ते?"

गोदीने सुकटीची पुडी पदरात बांधली. इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"दुपारी जरा आडवी झाले की आतून भजन ऐकू यायचं," ती म्हणाली. "टाळ-मृदंग सगळं. तुला नाय येत ऐकू?"

ती बाई दोन पावलं गेली, थांबली, आणि भर बाजारात डोळे मिटून कान देऊन उभी राहिली.